आमची वाटचाल : खाऱ्या पाण्यावर चाललेली लॅब

लोक विचारतात तुम्ही नक्की करता काय, तर सरळ सांगायचं म्हणजे लोक बाटलीत पाणी घेऊन येतात आणि त्यात काय आहे, किती आहे ते आम्ही सांगतो. पाणी, सांडपाणी, माती, हवेतली धूळ. लॅब गोव्यात फोंड्याजवळ, २००७ ला सुरू केली, मी आणि माझा मामेभाऊ. मी केमिस्ट्रीवाली, तो हिशोबवाला, आणि आजपण तसंच चाललंय, त्याला टायट्रेशन येत नाही आणि मला जीएसटी.

सुरुवातीला सगळं मायनिंगवरच होतं. डिचोली, सत्तरी, सांगे. लोखंडाच्या ओअरच्या ट्रकांच्या रस्त्याला सॅम्पलर लावायचा, २४ तास हवा खेचायची, फिल्टर पेपरचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, की झाला पीएम१०, म्हणजे हवेतली १० मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ. २००९ पासून आपल्याकडे त्याची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. आमचे कागद काढताना विटेच्या रंगाचे असायचे, वजन करायच्या आधीच अंदाज यायचा.

पावसाळा लागला की शेतकरी लाल पाणी घेऊन यायचे, बाय ह्यात लोखंड किती ते सांग म्हणून. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तेच पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं की बऱ्याचदा खाली स्वच्छ पाणी येतं आणि त्यात लोखंड फार थोडं निघतं, पण न गाळता नायट्रिक ॲसिडमध्ये उकळलं की आकडा एकदम वर. म्हणजे लोखंड विरघळलेलं कमी आणि गाळाबरोबर आलेलं जास्त, आणि शेताची वाट लावतो तो गाळ. दोन्ही आकडे खरेच, पण कुठला दिलाय ते न लिहिता नुसतं लोह अमुक अमुक असं छापून देणारे रिपोर्ट मी पाहिलेत, त्याचा ज्याला पाहिजे तो पाहिजे तसा अर्थ काढतो.

मग २०१२ च्या सप्टेंबरला मायनिंग बंद. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचीपण स्थगिती आली. आमचं बरंचसं काम त्याच्याबरोबर गेलं, २०१४ ला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली खरी पण तोवर आम्ही किनाऱ्याकडे वळलो होतो, आणि बरं झालं वळलो कारण २०१८ ला खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द होऊन परत सगळं ठप्प.

किनाऱ्याकडे म्हणजे हॉटेलं, त्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचे प्लांट. आणि तिथे गाठ पडली मिठाशी. पुस्तकातल्या पद्धती बहुतेक गोड्या पाण्याच्या आणि आपल्याकडे उन्हाळ्यात मांडवी, जुवारीत खारं पाणी आत कुठल्या कुठे चढतं, काठच्या काही विहिरी, बोअरपण मचूळ होतात.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचे मॅनेजर दुसरीकडचा रिपोर्ट घेऊन आले, सीओडी (घाण केमिकलने जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर, मर्यादा २५०. प्लांट बदला असा सल्ला त्यांना मिळालेला आणि कोटेशनपण हातात. पण त्याच रिपोर्टात बीओडी, म्हणजे जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात तो आकडा, अगदी कमी. प्लांट नीट चालत नसता तर बीओडीपण वाढला असता, निदान सांडपाणी घरगुती असताना तरी. मी म्हटलं आधी क्लोराइड, म्हणजे मीठ किती ते बघू. फ्लास्कमध्ये सॅम्पल, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, पिवळा रंग, वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत गेले तर ब्युरेट रिकामी होत आली तरी क्लोराइड संपल्यावर येणारा विटकरी रंग येईना, सॅम्पल पातळ करून परत केलं तेव्हा कुठे आला.

आता सीओडीत होतं काय, तर सॅम्पल डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडबरोबर १५० डिग्रीला दोन तास ठेवतात आणि घाणीने किती डायक्रोमेट खाल्लं ते मोजतात. पण मीठपण डायक्रोमेट खातं! १ मिलिग्रॅम क्लोराइड साधारण ०.२३ मिलिग्रॅम सीओडी दाखवू शकतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड, म्हणजे काही आवरलं नाही तर शुद्ध समुद्रपण ४,३०० सीओडीवाला नाला दिसेल. म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालतात, ते क्लोराइडला धरून ठेवतं, पण नेहमीच्या पद्धतीत तेपण लिटरला २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच. मर्क्युरिक कमी पडलं की सिल्व्हर सल्फेट घातल्याबरोबर ट्यूबमध्ये दह्यासारखा पांढरा साका बसतो, तो दिसला की तो आकडा विसरायचा.

आम्ही सॅम्पल पातळ केलं, क्लोराइड किती त्या हिशोबाने मर्क्युरिक सल्फेट घातलं, शेजारी तेवढ्याच मिठाचं नुसतं पाणी चालवलं आणि त्याच खाऱ्या पाण्यात सीओडी आधीच माहीत असलेलं थॅलेटचं स्टँडर्ड घालून ते पूर्ण परत मिळतं का तेपण बघितलं. मिळालं. हॉटेलचा सीओडी मर्यादेच्या चांगलाच खाली. मीठ येत होतं मचूळ बोअरचं आणि पाण्याचा सॉफ्टनर धुतल्यावरचं ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, तेपण एसटीपीत सोडलेलं. त्यांनी ती लाइन वेगळी केली, प्लांट तोच आहे. मॅनेजरनी मग ओळखीच्या हॉटेलांना आमचा नंबर दिला आणि आमची गाडी त्याच्यावर रुळावर आली.

तेव्हापासून सॅम्पल आलं की खारेपणा कळायला पहिलं कंडक्टिव्हिटी मीटरमध्ये, मग कुठली पद्धत ते ठरतं. पातळ करायलापण मर्यादा आहे, दहापट पातळ केलं की चूकपण दहापट होते, त्यामुळे खुद्द समुद्राच्या पाण्याचा सीओडी कोणी मागितला तर मी आधी बीओडी किंवा टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) करा सांगते. बिल कमी होतं, भाऊ कुरकुरतो. आणि ह्या टेस्टचा उरलेला माल म्हणजे पारा, क्रोमियम, चांदी, तो सिंकमध्ये ओतला तर प्रदूषण मोजणारेच प्रदूषण करणार, म्हणून वेगळे कॅन आणि घातक कचऱ्याच्या गाडीचा खर्च. रेट ऐकून लोक भुवया वर करतात ते ह्याच्यामुळे.

धातूंसाठी सेकंडहँड एएएस, म्हणजे ज्योतीत धातू मोजायचं मशीन घेतलं तिथेपण मीठ आडवं. बर्नरच्या फटीत साचतं, ज्योत वाकडी होते, लेडसारखा धातू लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या पातळीला शोधायचा आणि आजूबाजूला मीठ त्याच्या लाखो पट. मग धातू एपीडीसी नावाच्या केमिकलने बांधून एमआयबीके सॉल्व्हंटमध्ये ओढून घ्यायचे, मीठ पाण्यात मागे राहतं. वेळखाऊ आहे, वासपण डोक्यात जातो, पण काम होतं.

एनएबीएल, म्हणजे लॅबची अधिकृत मान्यता, नंतर घेतलं, फाइलींनी जीव गेला, पण एक फायदा झाला, ‘मॅडम तेवढा पास करून द्या ना’ वाल्यांना नाही म्हणायला कारण मिळालं. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

नवीन येणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी आणू नका, बाटल्या आमच्याकडून न्या, धातूंच्या टेस्टसाठीच्या बाटलीत आधीच ॲसिड असतं ती विसळू नका. बर्फात घालून त्याच दिवशी आणा. नदीचं असेल तर भरती होती का ओहोटी ते लिहा, त्याच जागेचं पाणी सहा तासांत वेगळंच असतं. आणि बीओडी असेल तर शक्यतो गुरुवारी नको, आपल्याकडे तो २७ डिग्रीला ३ दिवस ठेवतात, म्हणजे रविवारी कोणालातरी लॅबवर यावं लागतं आणि ते कोणीतरी मीच असते. चवथीला लॅब बंद, त्या आठवड्याचे रिपोर्ट आधी सांगून ठेवा.