नागपूर वारी: सी प्रोग्रामला हार्डवेअरचा खरा झटका देऊन पाहताना

सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम हार्डवेअरचा झटका, म्हणजे चालता चालता प्रोसेसरनेच उठवलेली चूक, कसा झेलतो, हे तपासायचं तर तो ज्या प्रोसेसरवर चालणार आहे त्याच प्रोसेसरवर तपासावं. माझ्या नागपूर वारीचं कारण एवढंच. मित्राचं छोटं वर्कशॉप हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला आहे. जिनिंगमध्ये कापसातल्या ओलाव्याची नोंद ठेवणारं यंत्र तिथे तयार होतं. त्यातला प्रोग्राम आजवर इंटेलच्या पीसीवर चालत आला होता आणि आता तो रास्पबेरी पाय ५ या एका पाटीवरच्या छोट्या संगणकावर, म्हणजे एआरएम प्रोसेसरवर न्यायचा होता.

पुण्याहून जाणाऱ्यांना रात्रीची गाडी बरी पडते. स्टेशनवर उतरलात की ॲक्वा लाइनची मेट्रो धरा. नागपूर रेल्वे स्टेशन नावाचाच थांबा आहे, तिथून सीताबर्डीवरून थेट शेवटच्या लोकमान्य नगरपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. हिंगण्याच्या कामाला तेच सोयीचं. तर्री पोहे मात्र आधीच खाऊन घ्या, कारण एकदा टर्मिनलसमोर बसलं की जेवणाची वेळ टळतेच.

पहिली चाचणी सगळ्यात साधी होती, पूर्णांकाला शून्याने भागणं. इंटेलवर प्रोसेसर ० क्रमांकाचं एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) उठवतो, लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याचा सिगएफपीई हा ८ क्रमांकाचा सिग्नल करून प्रोग्रामकडे पाठवतो आणि हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) नसेल तर प्रोग्राम तिथेच संपतो. शेलमध्ये १३६ हा एक्झिट कोड दिसतो, म्हणजे १२८ अधिक ८. तोच सोर्स पायवर कंपाइल करून चालवला. वर्कशॉपमधला तंत्रज्ञ पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "भाऊ, हे तर मरूनच नाही राहिलं. शून्य उत्तर देऊन राहिलं!"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ६४ बिट एआरएमच्या भागाकाराच्या सूचनेत शून्याने भागलं तर उत्तर शून्य येतं, एक्सेप्शन उठतच नाही. सगळ्यात लहान ऋण पूर्णांकाला उणे एकने भागा: इंटेलवर तिथेही सिगएफपीई येतो, एआरएमवर तोच आकडा परत मिळतो. सीच्या मानकाच्या दृष्टीने दोन्ही भागाकार अनिर्धारित वर्तनात मोडतात, म्हणजे काय व्हावं हे मानक ठरवतच नाही, त्यामुळे कुणाकडे दाद मागायची सोय नाही. इथे हे फार गंभीर आहे. ओलाव्याच्या आकड्यावर शेतकऱ्याच्या कापसाचा भाव कापला जातो. इंटेलवर बंद पडून निदान बोंब मारणारा प्रोग्राम पायवर गुपचूप शून्य नोंदवून पुढे जाणार होता. शून्याने भागणं पकडायचं काम सिग्नलवर सोडूच नका, भागायच्या आधी भाजक तपासा. तिथे आम्ही पहिला बदल हाच केला.

चाचणी लिहिताना भाजक व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचला जाणारा) ठेवा आणि उत्तर कुठेतरी वापरा. नाहीतर कंपायलरचा ऑप्टिमायझर तो भागाकारच उडवून लावतो आणि चाचणी पास झाल्यासारखी दिसते. दशांश संख्यांचा भागाकार वेगळा. तिथे मुळात दोन्ही प्रोसेसरांवर अनंत हे उत्तर मिळतं, सिग्नल येत नाही.

आता सिगसेगव्ह, म्हणजे मेमरीतल्या नको त्या पत्त्याला हात लावल्यावर येणारा सिग्नल. बरेच जण रेझ किंवा किल ही फंक्शन्स वापरून हा सिग्नल पाठवतात आणि हँडलर चालला की समाधान मानतात. माझ्या मते ती चाचणीच नव्हे. बाहेरून पाठवलेल्या सिग्नलच्या हँडलरमधून परत आलं की प्रोग्राम पुढे सरकतो. नको त्या पत्त्यामुळे झालेल्या खऱ्या पेज फॉल्टनंतर परत आलात तर प्रोसेसर तीच सूचना पुन्हा चालवतो, पुन्हा फॉल्ट होतो, पुन्हा हँडलर चालतो आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकून बसतो. खरा आणि खोटा ओळखायला हँडलर नोंदवणाऱ्या सिगॲक्शनमध्ये एसए सिगइन्फो हा फ्लॅग लावून सिग्नलचं कारण सांगणारा एसआय कोड वाचा. किलने आलेल्या सिग्नलमध्ये तो ० असतो. पत्ता मॅपच नसेल तर १ आणि परवानगी नसलेल्या पानाला (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याला) हात लावला तर २.

जुन्या प्रोग्राममध्ये हँडलरमधून बाहेर पडायला साधं लाँगजंप (आधी खूण केलेल्या जागी थेट उडी मारणारं फंक्शन) वापरलं होतं. पहिला झटका त्याने व्यवस्थित झेलला, दुसऱ्याला मात्र हँडलर न चालताच प्रोग्राम मेला. हँडलर चालू असताना तो सिग्नल ब्लॉक झालेला असतो आणि लिनक्सवरचं साधं लाँगजंप तो मास्क (ब्लॉक केलेल्या सिग्नलची यादी) पूर्ववत करत नाही. मग ब्लॉक असताना खरा फॉल्ट झाला की कर्नल प्रोग्राम सरळ संपवतो. खूण करणाऱ्या सिगसेटजंपला शून्येतर दुसरा आर्ग्युमेंट देऊन उडीसाठी सिगलाँगजंप वापरलं आणि काम झालं. म्हणून प्रत्येक झटका लागोपाठ दोनदा द्या. एकदाच देणाऱ्या चाचणीत हा दोष कधीच सापडणार नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो (फंक्शन्सच्या कामाची मेमरी भरून वाहणं) तपासायचा तर सिगऑल्टस्टॅक, म्हणजे हँडलरसाठी वेगळा स्टॅक, हवाच, कारण भरलेल्या स्टॅकवर हँडलरला उभं राहायला जागा नसते. हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, राइट वापरा.

सिगबसच्या चाचणीने आमची दुपार खाल्ली. लहान फाइल एममॅप करून (थेट मेमरीत जोडून) फाइल संपल्यानंतरच्या पुढच्या पानाला हात लावला की हा सिग्नल येतो. चाचणीत पानाचा आकार ४०९६ बाइट धरलेला होता. इंटेलवर ते बरोबर आहे, पण पाय ५ वर रास्पबेरी पाय ओएसचं नेहमीचं कर्नल १६ केबीची पानं वापरतं. त्यामुळे तो पत्ता पहिल्याच पानात पडला, शून्य वाचलं गेलं आणि सिग्नल काही आला नाही. पानाचा आकार सिसकॉन्फ या फंक्शनला विचारा, आकडा हाताने लिहू नका.

प्रत्येक चाचणी फोर्क करून (प्रोग्रामची प्रत काढून) वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवा आणि ती कोणत्या सिग्नलने गेली हे पॅरेंटमध्ये वेटपिडने तपासा. चाइल्डमध्ये सुरुवातीलाच दोन सेकंदांचा अलार्म लावा, म्हणजे अडकलेली चाचणी आपोआप संपते. जीडीबी या डीबगरमध्ये चालवत असाल तर सिगसेगव्हवर न थांबता तो प्रोग्रामकडे पोचू द्या, असं हँडल कमांडने आधी सांगा. नाहीतर जीडीबी दर झटक्याला थांबेल.

सोबत इंटेलचा लॅपटॉप न्या, म्हणजे दोन्ही प्रोसेसर एकाच टेबलावर येतात. पायचा मूळ पॉवर सप्लाय आणि पंखा विसरू नका. जायचं तर डिसेंबर किंवा जानेवारीत जा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करायला लागतो. तेव्हा उन्हाळ्यातच जाणं भाग पडलं तर अलार्मची मुदत थोडी वाढवून ठेवा.