पाय कशाला, चाकं का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारतात तसे सगळेच. घरी आलेलं माणूस टेबलावर पसरलेला षटकोनांचा नकाशा बघतं, त्यावरचं अंगठ्याएवढं यंत्र उचलून न्याहाळतं आणि म्हणतं, "एवढ्या तोफा लावल्यात, मग खाली पाय कशाला? चाकं लावायची. नाहीतर सरळ रणगाडाच करायचा की!"

खेळाचं नाव बॅटलटेक. 1984 साली शिकागोच्या एका कंपनीने तो 'बॅटलड्रॉइड्स' नावाने काढला. 'ड्रॉइड' या शब्दावर लुकासफिल्मचा हक्क निघाला, म्हणून पुढच्याच वर्षी नाव बदललं. त्या कंपनीचं नाव फासा. फाशांचा खेळ काढणाऱ्या कंपनीचं नाव फासा असावं यातली गंमत शिकागोत कुणाला कळली असेल असं वाटत नाही. मी तिकडे दोन वर्षं नोकरीला होते तेव्हा घर बदलणाऱ्या एका सहकाऱ्याने जुना खोका मला देऊन टाकला. आत नकाशे, पुठ्ठ्याची उभी चित्रं आणि नियमांचं पुस्तक. बाकी कशाची गरजही नाही. आम्ही पुण्यात कित्येक महिने शर्टाच्या बटणांवर खेळलो.

आधी कबुली देते. खऱ्या युद्धात हा प्रकार मूर्खपणाचा ठरेल. सत्तर टनांचं दोन पायांवरचं यंत्र चिखलात कुठवर रुतेल याचा विचारच नको. शस्त्रांचे पल्लेही हास्यास्पद. एक षटकोन म्हणजे तीस मीटर आणि पीपीसी नावाची भली थोरली विजेची तोफ पोचते अठरा षटकोन, म्हणजे 540 मीटर. मशीनगन तीन षटकोन, नव्वद मीटर! आजचा रणगाडा याच्या कितीतरी पट लांबून मारतो. खरे पल्ले ठेवले तर नकाशा जिन्यातून खाली उतरवावा लागेल, म्हणून खेळ करणाऱ्यांनी टेबलाचं माप धरलं. मला ते पटतं.

रणगाडेही या खेळात आहेत, तोफा त्याच. ते पडत नाहीत आणि तापतही नाहीत, म्हणजे नियमांत त्यांच्या उष्णतेचा हिशेबच नाही. पण पट्ट्यांवर एखादा वाईट फटका बसला की जागच्या जागी बसतात आणि पुढचा सगळा डाव तुम्ही त्यांच्याकडे बघत काढता. रणगाडा चांगला असतो किंवा मेलेला असतो. मधलं काही फारसं नाही.

पायांच्या यंत्राला, म्हणजे मेकला, हे मधलंच जास्त. प्रत्येक मेकचा एक कागद असतो. त्यावर माणसासारखी आकृती आणि तिच्या अंगभर बारीक गोल. डोकं, छाती, दोन कुशी, दोन हात, दोन पाय. पाठीचं चिलखत वेगळं मोजायचं. मार बसेल तितके गोल पेन्सिलने काळे करायचे. मार कुठे बसला ते दोन फाशांची बेरीज ठरवते. सात आले तर छाती, आणि सात सगळ्यात जास्त वेळा येतात. बारा आले तर डोकं, छत्तीसात एकदा. डोक्याला चिलखताचे नऊ गोल आणि आतल्या सांगाड्याचे तीन. पीपीसीचा मार दहाचा, तेव्हा डोक्यावर बसूनही चालक दोन गोलांवर वाचतो. ऑटोकॅनन नावाच्या सगळ्यात मोठ्या गोळ्यांच्या तोफेचा मार वीसचा. तिथे वाचायचा प्रश्न नाही.

नेम लागण्याची बेरीज एकदा सांगते, कारण पायांचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. सर्वसाधारण चालकाचा आकडा चार. मी चालत होते, एक मिळवा. समोरचा या फेरीत सात षटकोन पळाला, तीन मिळवा. तो विरळ झाडीत आहे, एक. अंतर मध्यम, दोन. झाले अकरा. दोन फाशांवर अकरा किंवा बारा येणं म्हणजे बारात एकदा. मी थांबून मारलं असतं तर दहा पुरले असते, सहात एकदा. शक्यता दुप्पट, पण उभ्या मेकवर समोरच्याचाही नेम सोपा होतो. म्हणजे दर फेरीला पाय हलवायचे की हात चालवायचे हा तिढा.

दुसरं अर्धं अण्णांमुळे मला नीट कळलं.

अण्णांचं शिरवळला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. खंबाटकीच्या चढाला ट्रक तापून उभे राहिले की त्यांना बोलावणं यायचं. आता ते माझ्याकडे असतात. एका रविवारी आमच्यातला एकजण आला नाही, म्हणून त्याचा वॉरहॅमर मी अण्णांपुढे सरकवला. वॉरहॅमर हे एका मेकचं नाव; त्याच नावाच्या प्रसिद्ध खेळाशी त्याचा संबंध नाही. सत्तर टन, दोन्ही हातांत पीपीसी, शिवाय दोन मध्यम लेझर, दोन छोटी लेझर, सहा क्षेपणास्त्रांचा डबा आणि दोन मशीनगन. अण्णांनी गळा साफ केला आणि म्हणाले, "सगळं मार."

पीपीसीची प्रत्येकी दहा उष्णता, झाले वीस. मध्यम लेझरची तीन-तीन, छोट्यांची एक-एक, क्षेपणास्त्रांची चार. मशीनगनला शून्य. बत्तीस, आणि चालल्याची एक, तेहेतीस. मेकमध्ये हीट सिंक अठरा, प्रत्येक जण फेरीला एक उष्णता बाहेर टाकतो. उरली पंधरा. पंधरावर चाल चारावरून एकावर येते, नेमाला आणखी दोन लागतात, आणि फाशांवर चारापेक्षा कमी पडले तर यंत्र बंदच. अण्णांना नऊ पडले, वाचले. तेवढ्यात आमच्यातला एक उत्साही म्हणाला, "अण्णा, परत सगळं मारा!" मी हिशेब मांडून दाखवला. पंधरावर पुन्हा तेच केलं तर तीस, आणि तीसला यंत्र आपोआप बंद. वर आठ किंवा जास्त पडले नाहीत तर पोटातला दारूगोळा फुटतो. मशीनगनच्या दोनशे गोळ्या, प्रत्येकीचा मार दोन. चारशे. अख्ख्या वॉरहॅमरचं चिलखत एकशे साठ.

अण्णा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, म्हणजे रेडिएटर आहे हा. गाडी घाटात तापलीय, आणि हा तिसऱ्या गिअरात दामटायला सांगतोय."

त्या फेरीत त्यांनी काहीही मारलं नाही. मेक जागेवर उभा ठेवला. पंधरा वजा अठरा, गाडी थंड. मी खेळायला लागल्यावर ही गोष्ट शिकायला मला सहा महिने लागले होते.

दोन फेऱ्यांनी त्यांनी विचारलं, "हे निळं काय? पाणी? मग गाडी पाण्यात घातली तर?" आता, हा नियम खरंच आहे. पाण्याखाली गेलेले हीट सिंक जास्त उष्णता टाकतात, जास्तीत जास्त सहा जादा. पायांत हीट सिंक असतील तर कमरेएवढ्या ओढ्यातही फायदा होतो. मात्र पाण्यात शिरताना तोल राखायचा फासा टाकावा लागतो. तेव्हापासून अण्णांचा वॉरहॅमर कायम ओढ्याकाठी दिसतो. सगळ्यांना "सर्वांत भारी शस्त्र कोणतं" ते हवं असतं. मी मध्यम लेझर सांगते. एक टन वजन, तीन उष्णता, पाच मार. लोकांचा चेहरा पडतो. त्यांना विजेची तोफ हवी असते.

तर पाय. एका फेरीत वीस किंवा जास्त मार बसला की तोलाचा फासा. पाय तुटला की आडवं होणं ठरलेलं. पडल्यावर स्वतःच्या वजनाचा मार स्वतःलाच, दर दहा टनांमागे एक. उठायचं तर चालीतले दोन खर्च आणि पुन्हा फासा. रणगाडा आडवा पडत नाही, त्यामुळे त्याला उठायचंही नसतं. कथेत कारण दिलंय की चालकाच्या डोक्यावरचं शिरस्त्राण त्याच्या कानातला तोल यंत्राला पुरवतं. छान आहे. पण माझ्या मते पाय दिलेत ते पडता यावं म्हणून, आणि लाथ मारता यावी म्हणून.

लाथ हे या खेळातलं फुकटचं शस्त्र. उष्णता शून्य, मार वजनाचा पाचवा हिस्सा, आणि ती बसते थेट पायावर. लागली तर समोरच्याने तोल सांभाळायचा. चुकली तर मारणाऱ्याने.

गेल्या रविवारी माझा हंचबॅक नावाचा मेक अण्णांच्या अगदी शेजारच्या षटकोनात पोचला. पन्नास टन, खांद्यावर मोठा ऑटोकॅनन, गोळे दहा. दहाही संपले होते. अण्णांचा डावा पाय दोन गोलांवर आला होता. इतक्या जवळ पीपीसीचा नेम फार अवघड होतो, तीन षटकोनांच्या आत ती अडखळते, म्हणून मला फारशी भीती नव्हती. मी लाथ मारली. तीन पडले. तोलाच्या फाशाला चार. हंचबॅक आडवा, पाच मार स्वतःच्याच अंगावर. पुढच्या फेरीत उठायला गेले, पुन्हा चार, पुन्हा आडवी. दुसऱ्यांदा उठायला गेले तर तीन.

अण्णांनी चष्मा पुसला. बोटांवर उष्णता मोजली, काहीतरी पुटपुटले, आणि वॉरहॅमर दोन षटकोन मागे, ओढ्यात नेऊन उभा केला.

"मारत का नाही?" मी विचारलं.

"तू ऊठ आधी," ते म्हणाले. "तोवर गाडी गार होते माझी."