निम्मी पाळी

जालना जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक, म्हणजे पास्टर. आमच्यापुढं येणारे तंटे बहुतेक बांधाचे, वाटेचे आणि पाण्याचे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्यानं चुकलेल्या भावाकडं जायचं, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं, मग मंडळीपुढं. आमची कमिटी कायम तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करते. चारचौघांत माघार कोण घेणार?

हा तंटा सामाईक विहिरीचा. एक विधवा बाई, तिचा दहावीतला मुलगा आणि थोरला दीर. दोघांचीही मोसंबी. कमिटीनं भक्तीनंतर दोघांना बसवून पाण्याच्या पाळ्या विचारल्या. दिराकडं तीन दिवस, हिच्याकडं चार. उलट हिलाच एक दिवस जास्त, मग तक्रार कसली? वडीलधारे म्हणाले, "बाई, माफ करा. प्रभूनं साताच्या सत्तर वेळा सांगितलंय." हेही त्याच अध्यायातलं. मी मान डोलावली, तिनं हात जोडले, मी प्रार्थना केली. रजिस्टरात 'मिटलं' अशी नोंद झाली.

पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे पुढं येऊन पाळकाच्या हातून भाकर घ्यायच्या विधीला, ती बाकावरून उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "पाळकसाहेब, माफ केलं. पण पाण्याचं काय? एकदा रात्री विहिरीवर या."

गेलो. लाईट साडेबाराला आली. शेतीची लाईट काही वार दिवसा, काही वार रात्री. हिचे चारही वार रात्रीचे. लाईटीचे वार बदलले की दीर पाळीही फिरवून घ्यायचा. मोटार दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा ती काठी आपटत, बॅटरीच्या उजेडात बांधावरून मोटारीच्या पेटीपर्यंत गेली आणि बटण दाबून परत आली. पलीकडच्या टोकाला पोरगं दारं धरत होतं, सकाळी त्याची शाळा. एखादी रात्र जमली नाही की ती पाळी बुडाली. कडेची अकरा झाडं वाळून उभी होती. कमिटीतल्या एकालाही, आणि मलाही, 'लाईट कधीची?' एवढं विचारायचं सुचलं नव्हतं. आमच्यापैकी बरेचजण शेतकऱ्याचीच पोरं आहेत.

परतताना मत्तयाचा ५वा अध्याय डोक्यात घोळत होता. दान वेदीपुढं ठेवून आधी समेट करायला जायचं ते कुणी? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्यानं. म्हणजे दिरानं. आमच्याकडं बाकावर बसून राहिली ती, आणि दीर पुढं येऊन माझ्याच हातून भाकर घेऊन गेला.

दिराकडं एकटाच गेलो. तो गोठ्यात धार काढत होता. "चार दिवस दिलेत ना तिला?" तो म्हणाला. मी एवढंच म्हणालो, "परवा रात्री मी विहिरीवर होतो." त्यानं बादली खाली ठेवली. बऱ्याच वेळानं विचारलं, "पोरगंबी होतं का?"

त्याच आठवड्यात पाळ्या बदलल्या. आता दिवसाचे आणि रात्रीचे वार दोघांनाही सारखे, आणि तसं लिहून सह्या झाल्यात.

राहिली ती अकरा झाडं. मोसंबीचं नवं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. कमिटी म्हणते, मिटलेला विषय पुन्हा उकरून काढू नका. मला मात्र १९७४ सालची कॅनडातली एल्मायराची गोष्ट आठवत राहते. दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली होती. मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या एका प्रोबेशन अधिकाऱ्यानं सुचवलं, न्यायाधीशांनी मानलं, आणि ती पोरं दारोदार जाऊन ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर उभी राहिली. पुढं भरपाईही केली. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानं तर कुणी मागितलं नसताना, ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करीन म्हटलं.

बाई म्हणते, मी मागणार नाही. दीर झाडांचा विषय निघाला की उठून जातो. भरपाईचं त्याच्यापुढं काढायचा मला किती अधिकार आहे, हे मी रोज स्वतःला विचारतोय. कारण त्या दिवशी तिला हात जोडायला लावणाऱ्यांत मीही होतो.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्याआधी एकदा गोठ्यावर जाऊन येणार आहे.