क्विल्दाची उंची

क्विल्दाबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या ओळीत तेच असतं: चेक देशातलं सर्वांत उंचावरचं गाव, १०६५ मीटर. आज नकाशावर बोट फिरवताना ती ओळ टोचली, ती अजून टोचतेच आहे. गावाच्या दक्षिणेला, जर्मन हद्दीला लागून बुचिना आहे. म्हणजे होतं. तिथली घरं साधारण ११६० मीटरवर होती. वरचं गाव उरलं नाही, म्हणून खालचं सर्वांत उंच ठरलं.

आकडा खोटा नाही, हीच अडचण. खोटा असता तर राग काढून मोकळं होता आलं असतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर शुमावा या इथल्या डोंगररांगेतल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांना देशाबाहेर काढलं. त्याबद्दल आज लिहीत नाही, एकदा सुरू केलं की हात थांबत नाही. पुढे सीमेलगतचा पट्टा बंद झाला, तारांचं कुंपण आलं आणि १९५६ मध्ये बुचिना जमीनदोस्त केलं. शेजारच्या क्निझेत्सी प्लान्येचंही तेच झालं. क्विल्दा कुंपणापासून जरा मागे होतं, एवढ्यानेच वाचलं. जगण्या-मरण्याचा हिशेब काही किलोमीटरचा, आणि आपण मिरवतो मीटर.

थंडीही अशीच उंचीच्या नावावर खपते. गावाजवळच्या येझेर्नी स्लात्य या दलदलीत ३० जानेवारी १९८७ ला उणे ४१.६ अंश तापमान नोंदलं गेलं. पण त्याचं कारण नुसती उंची नाही, खोलगटपणा. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की आजूबाजूच्या उतारांवरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि खळग्यात पाणी साचावं तशी साचते. खाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो वरून सुकला की जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे पृष्ठभाग झपाट्याने निवतो. भर उन्हाळ्यातही तिथे पहाटे दहिवर गोठतं. त्याच वेळी वरच्या उतारावर हवा बरीच उबदार असू शकते. म्हणजे इथे वर असणं फायद्याचं.

अशा जागी गाव वसलं कसं, याचं उत्तर शेतीत सापडत नाही. ओट आणि बटाटे यांच्यापलीकडे फारसं काही पिकत नाही. वाट होती म्हणून गाव झालं. जर्मनीतल्या पासाऊहून कश्पेर्स्के होरी या चेक गावाकडे जाणारी सुवर्णवाटेची, म्हणजे मिठाच्या जुन्या व्यापारी वाटेची, वरची शाखा चौदाव्या शतकापासून इथून जायची. एकेका घोड्यावर दीडशे किलोच्या आसपास मीठ लादून तांडे उत्तरेला यायचे, परतताना धान्य न्यायचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हॅब्सबर्ग राज्यकर्त्यांनी परक्या मिठाला बंदी घातली आणि वाट ओस पडली.

मग जंगलावर पोट चाललं. काचभट्टीला जळण लागतं तेवढंच नाही, काच वितळायला पोटॅश हा राखेतला क्षारही लागतो, आणि किलोभर पोटॅशसाठी शेकडो किलो लाकूड जाळून त्याची राख धुवावी लागते. काचेपाठोपाठ क्विल्दात काचेमागची चित्रकला आली. देवदेवतांची, म्हणजे मारिया आणि संतांची चित्रं. रेखाटन काचेखाली ठेवायचं, वरून आधी बाह्यरेषा आणि डोळ्यांतली चमक, मग चेहऱ्याचा रंग, वस्त्रं, आणि सगळ्यांत शेवटी पार्श्वभूमी. बघायचं दुसऱ्या बाजूने, त्यामुळे डावं-उजवं उलटं. पहिली रेष चुकली तर नंतर झाकता येत नाही, कारण बघणाऱ्याला तीच सर्वांत पुढे दिसते. मला हे काम क्विल्दाच्या कुठल्याही उंचीपेक्षा मोठं वाटतं, आणि पहिल्या ओळीत त्याला जागा नाही याचं वाईट वाटतं. शेजारच्या मोद्रावा गावातल्या वाद्यांच्या लाकडाच्या उद्योगाचंही तसंच. गार हवेत स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष हळू वाढतो, वलयं बारीक आणि एकसारखी पडतात, म्हणून पियानोच्या नादफळ्यांना ते लाकूड चालतं.

पण पुन्हा तिथेच येते. दुखतंय ते बुचिनाचं. दिवसभर वाटत राहिलं की हे कुणालाच बोचत नाही, एकटीलाच बोचतंय. संध्याकाळी ती भावना जरा ओसरली. आपल्याला हे कळलं ते कुणीतरी जपून ठेवलं म्हणूनच की. बुचिनाला १९९२ मध्ये चॅपल पुन्हा उभं राहिलं, सीमेच्या कुंपणाचा एक तुकडाही दाखवायला उभारलाय. ज्याला बघायचंय त्याला दिसतं. क्विल्दाच्या लोकांनी तरी काय करावं? १८८९ च्या आगीनंतर त्यांनी चर्च नव्याने बांधलं, युद्धानंतर गावच नव्या माणसांनी भरलं. उंचीचा आकडा त्यांनी कुणाकडून हिसकावलेला नाही.

तेव्हा ती ओळ खोडायची नाही असं ठरवलंय. टिपणात क्विल्दापुढे 'स्वतःचा कारभार असलेल्या आजच्या गावांत सर्वांत उंच' असं लिहिलं, आणि बुचिनाची नोंद त्याच्या वर, उंचीच्या क्रमानेच. उन्हाळ्यात कुणी निघणार असेल तर सांगते: क्विल्दाहून चेर्ना होराच्या उतारावर, ११७२ मीटरवर व्ल्तावा नदीचा उगम आहे. तो बघून बहुतेक जण मागे वळतात. तसंच पुढे बुचिनापर्यंत चालत जा. हवा स्वच्छ असली तर तिथून आल्प्स दिसतात.