हॉथॉर्नच्या झाडाखालचं पुस्तक

रात्रीचे अकरा वाजले तरी लेकीच्या खोलीत दिवा, म्हणून रागवायला गेले, तर बाईसाहेब उशीत तोंड खुपसून रडत होत्या. "आई, ब्रिजेट मेली गं." माझ्या पोटात गोळाच आला. वर्गातलं कुणी? मग तिनं पांघरुणातून एक बारकं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहून नऊ वर्षं झाली. इथला पाऊस, इथली बस, इथला चहा, सगळ्यांशी भांडून झालं. पण या देशाचा दुष्काळ माझ्या घरात आला तो पाचवीतल्या पोरीच्या दप्तरातून.

पुस्तकाचं नाव 'अंडर द हॉथॉर्न ट्री', लेखिका मॅरिटा कॉनलन-मॅकेना. ऑफिसात सहज विषय काढला, तर पस्तिशीतले दोघं-तिघं एकदम म्हणाले, "शाळेत वाचलंय आम्ही!" आणि लगेच आपापला रडण्याचा प्रसंग सांगू लागले. एक तर ज्या पानावर कुत्री अंगावर येतात त्या पानाला अजून घाबरतो म्हणे.

मॅरिटाबाई 1956 साली डब्लिनमध्ये जन्मल्या. बँकेत, ट्रॅव्हल एजन्सीत नोकऱ्या केल्या, संसार, चार मुलं. एक दिवस रेडिओवर बातमी ऐकली, की एका हॉथॉर्नच्या झाडाखाली दुष्काळातल्या मुलांची निनावी कबर सापडली. बातमी ऐकून आपण हळहळतो आणि कुकर लावायला उठतो. त्या उठल्या आणि लिहायला बसल्या. 1990 मध्ये डब्लिनच्याच ओब्रायन प्रेसनं पुस्तक काढलं. मुलांसाठी दुष्काळावर, त्यातही मुलं मरतात असं पुस्तक काढायचं म्हणजे प्रकाशकाचीही छाती हवी.

या झाडाबद्दल सांगायलाच हवं. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लगडतं, काटेरी असतं, आणि शेतात एकटं उभं असेल तर त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही, कारण ते पऱ्यांचं. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात महामार्गाच्या आड असं एक झाड आलं, तेव्हा एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्यानं इशारे दिले आणि ते झाड खरोखरच वाचलं. आपल्याकडे मुंजाचा पिंपळ तोडायला मजूर मिळत नाही, तसंच. बाप्तिस्मा न झालेली तान्ही बाळं चर्चच्या पवित्र जमिनीत पुरू देत नसत, ती कधीकधी अशाच झाडांच्या आसऱ्याला जात.

गोष्टीतली तान्ही ब्रिजेट तिथंच जाते. बाप सरकारी रस्त्याच्या कामावर गेलेला, आई त्याला शोधायला गेलेली, दोघांचाही पत्ता नाही. मागे राहिलेल्या आयली, मायकल आणि पेगीला वर्कहाउसमध्ये, म्हणजे कंगालांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या सरकारी आश्रमात, न्यायला निघतात, तर ही तिघं वाटेतून निसटतात आणि आईच्या गोष्टींत ऐकलेल्या दोन म्हाताऱ्या नातलगांचं गाव शोधत चालत सुटतात. अंगाला लागली की आग होते अशी नेटल नावाच्या रानझुडपाची पानं उकळून पितात. पेगी तापानं फणफणते तेव्हा थोरली दोघं रात्री एका गाईचं थोडं रक्त काढून तिच्या पोटात घालतात. आमच्या शाकाहारी कन्येनं हे पान मला दोनदा वाचून दाखवलं.

1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढं काही वर्षं पडतच राहिला. सुमारे 10 लाख माणसं मेली, साधारण तेवढीच बोटींत बसून गेली. धान्य मात्र त्याच काळात बंदरांतून बाहेर जात होतं. 1841 च्या शिरगणतीत या बेटावर 80 लाखांच्या वर लोक होते. तो आकडा आजही पुन्हा गाठलेला नाही. लिफी नदीच्या काठी कस्टम हाउसपाशी रोवन गिलेस्पीनं केलेले हडकुळ्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांच्यासमोर मीही पूर्वी हसऱ्या चेहऱ्यानं फोटो काढलाय. आता तो मोबाइलमधून उडवला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर लेकीनं आजीला गोष्ट सांगायला घेतली. आई आमची बीडकडची, बहात्तरच्या दुष्काळात नऊ वर्षांची. "इंग्रज सरकारनं अमेरिकेतून पिवळा मका आणला, तो लोकांना पचायचाच नाही," असं पोरगी म्हणाली आणि आई एकदम बोलली, "आम्हाला तांबडा मिलो दिला होता. तोबी अमेरिकेचाच. भाकरी थापली की फुटायची." मग खडी फोडायला गेलेले आजोबा आले, सुकडीसाठीची रांग आली, दावणीचा बैल विकला तो दिवस आला. मी तिची मुलगी. मला यातलं निम्मं पहिल्यांदा कळत होतं. कधी विचारलंच नव्हतं.

मॅरिटाबाई त्या एका पुस्तकावर थांबल्या नाहीत. 'वाइल्डफ्लॉवर गर्ल'मध्ये तेरा वर्षांची पेगी एकटी बोटीनं अमेरिकेला जाते आणि मोलकरीण होते. 'फील्ड्स ऑफ होम'मध्ये जमिनीचा लढा येतो. मला स्वतःला 'द ब्लू हॉर्स' जास्त आवडलं. इथल्या ट्रॅव्हलर म्हणजे भटक्या समाजातली केटी, त्यांची राहती गाडी जळून जाते, कुटुंब पक्क्या घरात राहायला येतं आणि शेजारपाजार नाकं मुरडतो. बीडजवळच्या पालांकडे आमची गल्ली कशी बघायची ते आठवलं आणि काही पानं चटकन उलटावी लागली. पुढं त्या मोठ्यांसाठी लिहू लागल्या, 'बिघडलेल्या' म्हणून चर्चच्या मॅग्डलेन धोबीघरांत डांबलेल्या मुलींवरही. 2020 मध्ये 'द हंग्री रोड' लिहून पुन्हा दुष्काळाकडे वळल्या, या वेळी स्किबरीन गावात. तीस वर्षांनीही विषय सुटला नव्हता तर.

आता दर रविवारी एक प्रकरण आजीला मराठीत सांगायचं असं ठरलंय. पोरीचं मराठी अडखळतं, 'करपा' हा शब्द आजीनंच पुरवला. परवा वेळ संपली, मी फोन ठेवायला लागले, तर पलीकडून आई घाईघाईनं म्हणाली, "अगं थांब, ती लेकरं पोचली का नाही त्या म्हाताऱ्यांकडं?"

"ते पुढच्या रविवारी, आजी," असं म्हणून आमच्या बाईसाहेबांनी फोन बंद केला.