शेवटी डिझाईन दाखवलं!

आज धीर करून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात गेले. ग्राफच्या कागदावर मी काढलेला मोर मास्तरांपुढे ठेवला. भरलेल्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पडतात, ती जकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राला, कुठला धागा उचलायचा ते सांगतात. मास्तर चौकोनांवरून बोट फिरवत राहिले, माझ्या पोटात गोळा! मग म्हणाले, "मान थोडी जाड करा ताई, विणताना तुटक दिसंल. बाकी झकास."

हिशेब लिहिणाऱ्या बाईला नक्षी कशी जमणार, हे मीच मनाशी घोकत होते. अहो, शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. वैदिक घरातले असून लावणीकडे वळले. त्यांना तर केवढा विरोध झाला असेल! मला तरी कोणी अडवलं होतं?

आता मोराची मान भरायला बसतेय.