पोट उडायलंय का, ते बघ

आठ दिवस झाले, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. फुलेवाडीत गगनबावडा रस्त्याला आमचं मेडिकल आहे. या दिवसांत सकाळी शटर वर केल्यापासून गिऱ्हाइकांचं एकच : "खोकल्याचं काय तर द्या." त्यातली निम्मी पुढं जोडतात, "अडुळशाचं द्या बरं का, इंग्लिश नको." मी बाटली काढून देतो. आज्जीनं ती बाटली हुंगून बघितली असती आणि "ह्यात साखर किती, पाला किती?" म्हणून मलाच उलटं विचारलं असतं.

आमचं गाव कुंभीच्या काठाला. परड्याच्या कुंपणाला सगळा अडुळसाच. शेरडंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावायचा. खोकल्याला उपयोग हा वरचा नफा. आज्जी अडुळशाचा काढा करायची नाही. तिचं म्हणणं, पाण्यात उकळलं की पाणीच प्यायचं. तिला रस पाहिजे असायचा. आणि अडुळशाचं पान कुटून बघा, रस सुटत नाही, नुसता चोथा होतो. म्हणून ती कोवळी पानं सोडून जून, पिवळसर झालेली तोडायची, पाट्यावर ठेचायची आणि त्याचा लिंबाएवढा गोळा वडाच्या पानात गुंडाळायची. वरून केळीच्या सोपाची दोरी. मग दोन बोटं जाड चिखलाचा लेप देऊन तो गोळा चुलीच्या इंगळात पुरायचा. भाकऱ्या होईपर्यंत चिखल लाल व्हायचा. फोडला की आतून वाफ यायची, तिचा उग्र कडू वास घरभर. फडक्यात घालून पिळायची, तेव्हा हिरवा-काळा रस वाटीत पडायचा. त्यात मध आणि पिंपळीची चिमूटभर पूड. आम्ही भावंडं नाक दाबून प्यायचो आणि लगेच गुळाचा खडा.

पुढं डी. फार्मसीला गेल्यावर कळलं की याला पुटपाक म्हणतात आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत ही कृती अशीच आहे, दोन बोटं लेपासकट. आज्जीला अक्षर ओळख नव्हती.

त्याच वर्गात आणखी एक गोष्ट कळली, ती मी गिऱ्हाइकांना फार हौसेनं सांगतो. अडुळशाला संस्कृतात वासा म्हणतात. त्यातल्या मुख्य अल्कलॉइडचं, म्हणजे असर करणाऱ्या द्रव्याचं, नाव व्हॅसिसीन. त्याच्या रेणूवरून प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सीन तयार केलं, ते १९६३ साली बाजारात आलं. ब्रोमहेक्सीन पोटात गेलं की शरीर त्याचं अँब्रॉक्सॉल करतं. आज कफाच्या बऱ्याच बाटल्यांवर या दोघांपैकी एकाचं नाव सापडेल. तेव्हा "इंग्लिश नको" म्हणणाऱ्याला आणि "ते पाल्याबिल्याचं नको" म्हणणाऱ्याला मी एकाच भाऊबंदकीतल्या दोन बाटल्या देत असतो. फरक एवढाच की एका गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. पाल्यावर काही छापलेलं नसतं.

हा फरक किती मोठा आहे ते आमच्या आज्ज्यामुळं घरादाराला कळलं.

आज्जा गुऱ्हाळावर जळव्या होता. काहिलीखालच्या चुलवाणात दिवसरात्र चिपाडं सारायची, हे त्याचं काम. दिवाळीला हंगाम सुरू व्हायचा, तसा त्याचा खोकलाही सुरू व्हायचा, आणि शिमग्याला दोन्ही थांबायचे. पुढं पुढं हंगाम थांबला तरी खोकला थांबेना. रात्री उशीला टेकून बसायचा, छातीत पिपाणी वाजल्यागत आवाज. अडुळशानं कफ सुटायचा, पण धाप काही जायची नाही. मग गुऱ्हाळावरच्या कुणीतरी सांगितलं, धोतऱ्याचं वाळलेलं पान बिडीत घालून ओढ. ओढलं, आणि खरंच छाती मोकळी झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं असले उपाय म्हणजे सगळी थाप. थाप नव्हती. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन असतं, ते आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं.

एका रात्री त्यानं दोनाऐवजी चार ओढल्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. जाग आली तर आज्जा वाकळेवरनं काहीतरी वेचत होता. काहीच नव्हतं तिथं. "चिपाडं पडल्यात, उचला की," असं आम्हाला दटावत होता. तोंड कोरडंठाक, जीभ टाळूला चिकटलेली, चेहरा लालबुंद, आणि बुबुळं इतकी मोठी की डोळ्यात काळ्याशिवाय काही दिसेना. जीप करून दवाखान्यात नेला. दोन दिवसांनी शुद्धीवर आला. घरी आल्यावर आज्जीनं परड्यातला धोतरा मुळासकट उपटला. "महादेवाचं हाय ते, त्यालाच पचतंय," एवढंच बोलली.

आज मी दुकानात धापेवरच्या टायोट्रोपियमच्या कॅप्सूल विकतो, यंत्रात घालून ओढायच्या. तेही अ‍ॅट्रोपीनच्याच कुळातलं, रेणूत असा बदल केलेलं की ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही. एका कॅप्सूलमध्ये १८ मायक्रोग्रॅम. धोतऱ्याच्या एका झाडाच्या दोन पानांत सारखं विष नसतं.

खरा राग मला पाल्याचा नाही, पुड्यांचा येतो. कोजागिरीला दम्याचं औषध खिरीतून देतात, तिथं जाणारी आमची बरीच गिऱ्हाइकं आहेत. जाऊ देत, खीर खाऊन येतील. इनहेलर बंद करू नका एवढंच मी सांगतो. पण बिननावाची पांढरी पुडी, "शुद्ध वनौषधी" म्हणून दिलेली, आणि पहिल्याच दिवशी धाप गायब? तिथं माझा संशय स्टेरॉइडवर जातो. एक मावशी दीड वर्ष अशी पुडी खात होत्या. चेहरा वाटोळा, हातावर जरा धक्का लागला की काळंनिळं, साखर वाढलेली. डॉक्टरांनीही तोच अंदाज केला. आणि असली पुडी एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते. हे त्यांना पटवायला तीन महिने लागले.

घरचीच चीज असली तरी बघून घ्यावी लागते. ज्येष्ठमध दिवसभर चघळणारे एक निवृत्त मास्तर होते, बीपी काही केल्या उतरेना. ज्येष्ठमध सोडायला लावला. गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत, गर्भाशय आकुंचन पावतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही; त्यातल्या जंतूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आज्जीला हे शेवटचं माहीत नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना जन्मल्या जन्मल्या मध चाटवलाय.

पण तिला एक माहीत होतं. कुणी तान्हं पोर घेऊन आलं की ती आधी अडुळशाकडं जायची नाही. कुंची सोडायची, झबलं वर करायची आणि दिवा जवळ धरून नुसतं बघत बसायची. पोट उडायलंय का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का. तसं असलं की पाला बाजूला. "पोट उडायलंय. एष्टी धरा."

मागच्या महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला वाकऱ्याकडचा एक पोरगेला बाप आला. आठ महिन्यांचं बाळ टॉवेलात गुंडाळलेलं. मोबाइलवर कुठला तरी काढा बघून घरी केलेला, दोन दिवस दिलेला, मधासकट. आता सिरप पाहिजे होतं. एवढ्या लहान बाळाला मी खोकल्याचं सिरप देत नाही. मी म्हटलं, झबलं वर कर. मोबाइलचा टायमर लावला आणि मिनिटभर मोजलं. अठ्ठावन्न. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. आशाताईंनाही हेच शिकवलेलं असतं. वर बरगड्यांखाली खड्डा पडत होता. एष्टीची वेळ गेली होती, शेजारच्या रिक्षावाल्याला उठवला.

आठ दिवसांनी तोच बाप दुकानात. बाळ घरी आलंय म्हणाला, दूध पितंय.

"मग आता काय पाहिजे?"

"अडुळसा," असं म्हणून खोकला. "पोराला न्हाई ओ, मला. दवाखान्यातनं घिऊन आलोय."